मास मीडिया शिकवणारे सर-मॅडम नेमके कोण असतात? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी सगळं सोप्या भाषेत

बारावीचा निकाल लागला की कल्याणच्या पुढच्या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात, घराघरांत एकच चर्चा सुरू होते. ‘कॉमर्स घ्यायचं, बीएमएस घ्यायचं की मास मीडिया?’ मास मीडियाचं नाव निघालं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. फी किती? कॉलेज स्टेशनपासून किती लांब? नोकरी लागते का?

एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. हे सगळं शिकवणार कोण?

खरं तर या कोर्समध्ये तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. अकाउंट्सचं पुस्तक बऱ्याच अंशी घरी बसून वाचता येतं. पण बातमी लिहिणं, मुलाखत घेणं, जाहिरात तयार करणं, कॅमेरा लावणं या गोष्टी कोणीतरी समोर बसून, चुका दाखवून शिकवाव्या लागतात. म्हणून हा लेख त्या शिक्षकाबद्दल आहे. तो कुठून येतो, त्याला काय शिकावं लागतं, त्याला पैसे किती मिळतात, त्याला कशात रस असतो आणि या सगळ्याचा तुमच्या फीशी काय संबंध आहे, ते एकेक करून पाहू.

‘कम्युनिकेशन’ शिकवणारे दोन प्रकारचे असतात

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू. कॉलेजात ‘कम्युनिकेशन’ हा शब्द दोन वेगळ्या विषयांसाठी वापरला जातो.

पहिला म्हणजे संवादकौशल्य. मुंबई विद्यापीठाच्या बीकॉमला ‘बिझनेस कम्युनिकेशन’ असतं, इंजिनीअरिंगलाही असा विषय असतो. अर्ज कसा लिहायचा, ईमेल कसा करायचा, मुलाखतीला कसं बोलायचं, हे त्यात येतं. हा विषय साधारणपणे इंग्रजीचे प्राध्यापक शिकवतात.

दुसरा म्हणजे जनसंवाद. पुस्तकी मराठीत त्यालाच ‘संज्ञापन’ असंही म्हणतात. वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, सिनेमा, जाहिरात, जनसंपर्क आणि आता सोशल मीडिया, असं हे सगळं क्षेत्र. यातला शिक्षक वेगळ्या वाटेने येतो. त्याच्याकडे पत्रकारिता किंवा जनसंवादातली पदव्युत्तर पदवी असते, किंवा तो बरीच वर्षं एखाद्या न्यूजरूममध्ये नाहीतर जाहिरात कंपनीत काम केलेला असतो. नशीब चांगलं असेल तर दोन्ही.

आपण बोलणार आहोत ते या दुसऱ्या शिक्षकाबद्दल.

पत्रकार आणि मास्तर, हे नातं जुनंच

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलं. म्हणूनच महाराष्ट्रात ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. हे बहुतेकांना माहीत आहे. पण हेच बाळशास्त्री १८३४ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत असिस्टंट प्रोफेसर झाले, हे तेवढं आठवत नाही. ते पत्रकारिता शिकवत नव्हते, कारण तेव्हा तसा विषयच नव्हता. गणित आणि खगोलशास्त्र ही त्यांची क्षेत्रं होती. शिलालेखांवरही त्यांनी अभ्यासपूर्ण लेखन केलं. १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केलं. थोडक्यात, मराठी पत्रकारितेची सुरुवातच एका शिक्षकाने केली.

पत्रकारिता हा विद्यापीठातला विषय व्हायला मात्र पुढे शंभरहून जास्त वर्षं लागली. प्रा. पी. पी. सिंग यांनी १९४१ मध्ये लाहोरला, पंजाब विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग सुरू केला. सहा वर्षांत फाळणी झाली. विभाग लाहोरहून उठून दिल्लीला आला आणि पुढे चंडीगडला गेला.

इथे उल्हासनगरच्या वाचकाला आपल्या घरची गोष्ट आठवेल. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी तिथल्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि ‘कल्याण कॅम्प’चं उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच म्हणतात. शिक्षकांचंही तेच झालं. सिंधमधल्या हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी यांनी १९४९ मध्ये ते कॉलेज वांद्र्याला नव्याने उभं केलं. बॅरिस्टर होतचंद अडवाणी आणि कुंदनानी यांनी उभारलेल्या त्या बोर्डाचंच एक कॉलेज म्हणजे उल्हासनगर स्टेशनजवळचं सीएचएम, म्हणजेच आपलं ‘चांदीबाई’.

महाराष्ट्रात पत्रकारितेचं विद्यापीठीय शिक्षण सुरू झालं ते नागपूरला. १९५२ मध्ये हिस्लॉप कॉलेजात हा विभाग सुरू करण्यासाठी अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठातले प्राध्यापक रोलंड वूल्सली फुलब्राइट योजनेतून आले. परदेशी पाहुणा म्हणून चार भाषणं देऊन ते परत गेले नाहीत. भारतीय पत्रकारितेवर एक पुस्तकही त्यांनी संपादित केलं. मासिकं हा त्यांच्या आवडीचा विषय होता. पुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांवर त्यांनी १९७१ मध्ये ‘द ब्लॅक प्रेस, यू.एस.ए.’ हे पुस्तक लिहिलं. मोठी वृत्तपत्रं ज्यांची दखल घेत नाहीत ते लोक आपली वृत्तपत्रं कशी काढतात, हा त्या पुस्तकाचा विषय. जनसंवादाच्या शिक्षकाला कशात रस असू शकतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

नंतर गती वाढली. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग १९६४ चा. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची. मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स १९६९ मध्ये आली. पण हे सगळे अभ्यासक्रम प्रामुख्याने पदवी झाल्यानंतरचे होते. बारावीनंतर थेट मास मीडिया शिकण्याची सोय मुंबई विद्यापीठाच्या बीएमएम या कोर्सने केली. २०१९-२० पासून त्याचं नाव बीएएमएमसी झालं. हा कोर्स उपनगरांतल्या आणि ठाणे जिल्ह्यातल्या कॉलेजांत पोहोचला तेव्हा एक अडचण उभी राहिली. कोर्स मिळाला, विद्यार्थी मिळाले, पण शिकवणारे तेवढे तयारच नव्हते.

शिक्षक होण्यासाठी कागदावर काय लागतं?

यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, शिक्षकांच्या पात्रतेचे नियम ठरवतो. २०१८ चे नियम आणि त्यात २०२३ मध्ये झालेला बदल धरून सहायक प्राध्यापक होण्यासाठी मुख्य अटी अशा:

• संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के गुणांसह. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत.
• नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण.
• सहायक प्राध्यापक पदासाठी पीएचडी ऐच्छिक.
• सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी आणि ८ वर्षांचा अनुभव. प्राध्यापक पदाच्या थेट भरतीसाठी पीएचडी आणि साधारण १० वर्षांचा अनुभव, सोबत संशोधन.

नेट ही देशपातळीवरची परीक्षा. सर्वसाधारणपणे वर्षातून दोनदा होते. जनसंवाद आणि पत्रकारिता हा तिच्यात स्वतंत्र विषय आहे. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न आणि १०० गुण. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न आणि २०० गुण. दोन्ही मिळून तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दुसऱ्या पेपरात वार्तांकन, संपादन, जाहिरात, जनसंपर्क, माध्यम कायदा, माध्यम व्यवस्थापन, सिनेमा आणि संशोधन पद्धती असं सगळं येतं. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी आणि पारिभाषिक शब्द तिन्ही भाषांत करून ठेवावेत.

सेट ही राज्याची परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नेटवर देशात कुठेही अर्ज करता येतो, सेट या दोन राज्यांपुरती.

आता या यादीत एक गोष्ट शोधून पाहा. वीस वर्षं रिपोर्टिंग केलेल्या पत्रकाराकडे नेट-सेट नसेल तर त्याच्या अनुभवाला या यादीत जागा नाही. उलट, एकही बातमी न लिहिलेली व्यक्ती परीक्षा पास होऊन पत्रकारिता शिकवायला पूर्ण पात्र ठरते. नियम वाईट हेतूने केलेला नाही. सगळ्या विषयांना एकच माप लावल्यावर असं होतं. इतिहास शिकवायला इतिहास घडवावा लागत नाही, पण बातमी शिकवायला बातमी केलेली असली तर फरक पडतो.

यावर उपाय म्हणून यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय आणली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केलेल्या व्यक्तीला पदवीची किंवा नेटची अट न लावता ठराविक मुदतीसाठी नेमता येतं. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाहीत आणि एकूण मुदत चार वर्षांपलीकडे जात नाही.

पगाराचं गणित

कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन महिना ५७,७०० रुपये. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वगैरे. सहयोगी प्राध्यापकाचं मूळ वेतन १,३१,४०० पासून आणि प्राध्यापकाचं १,४४,२०० पासून सुरू होतं. आकडे ऐकायला छान आहेत.

पण मास मीडिया हा बहुतेक कॉलेजांत सेल्फ-फायनान्स कोर्स असतो. म्हणजे सरकार त्याच्या शिक्षकांचा पगार देत नाही. विद्यार्थ्यांच्या फीमधून कॉलेजने तो द्यायचा असतो. त्यामुळे विभागात एखाद-दुसरी व्यक्ती पूर्णवेळ असते, तीच समन्वयक. बाकीचे विषय व्हिजिटिंग फॅकल्टीकडे जातात आणि त्यांना लेक्चरमागे मानधन मिळतं. अनुदानित विभागांत रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वाने, म्हणजे सीएचबीवर, नेमलेले शिक्षकही असेच तासांवर मोजले जातात.

एक उदाहरण करून पाहू. आकडा फक्त हिशेबासाठी घेतलाय. समजा, एका लेक्चरचे ५०० रुपये मिळतात. आठवड्याला ८ लेक्चर, एका सेमिस्टरमध्ये १५ आठवडे. झाली १२० लेक्चर, म्हणजे ६०,००० रुपये. दोन सेमिस्टर मिळून वर्षाचे १,२०,०००. बारा महिन्यांत वाटले तर महिना १०,००० रुपये. आता कायम सहायक प्राध्यापकाइतकं, म्हणजे आठवड्याला १६ तास शिकवलं तरी महिना २०,००० होतात. मे महिन्यात लेक्चर नाहीत, त्यामुळे पैसेही नाहीत. पेपर तपासणं, प्रोजेक्ट पाहणं, विद्यार्थ्यांच्या रात्री दहाच्या मेसेजला उत्तर देणं, हे या हिशेबात येतच नाही.

यूजीसीने २०१९ मध्ये पाहुण्या शिक्षकांसाठी लेक्चरला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मर्यादा सुचवली होती. वरच्या उदाहरणातले महिन्याचे तास त्या दराने मोजले तर रक्कम तिप्पट होते. म्हणजे काम तेच, तास तेच, पण कोणत्या रकान्यात नाव आहे त्यावर शिक्षकाचं आयुष्य ठरतं.

याचा विद्यार्थ्यावर काय परिणाम होतो? तासावर शिकवणारा शिक्षक पोट भरण्यासाठी दोन-तीन कॉलेजं करतो. सकाळी एका स्टेशनवर, दुपारी दुसऱ्या. लेक्चर संपलं की तो लोकल पकडायला धावतो, म्हणून वर्गानंतर शंका विचारायला तो सापडत नाही. चांगली संधी आली की सेमिस्टरच्या मध्येच सोडूनही जातो. यात दोष त्या व्यक्तीचा नसतो. पण तुमच्या तीन वर्षांत एकाच विषयाला तीन शिक्षक बदलले, तर नुकसान तुमचंच होतं.

मग व्हिजिटिंग शिक्षक वाईट असतात का?

अजिबात नाही. उलट या कोर्सची सगळ्यात मोठी ताकद तेच असू शकतात.

सकाळी न्यूज डेस्कवर बसून आलेला माणूस दुपारी वर्गात उभा राहतो, तेव्हा आजची बातमी आजच शिकायला मिळते. कोणती हेडलाइन का बदलली, कोणता फोटो का काढला, कोणत्या सूत्राने ऐनवेळी फोन उचलला नाही, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. पहिली इंटर्नशिपही बऱ्याचदा अशाच शिक्षकाच्या ओळखीतून मिळते.

पूर्णवेळ शिक्षकाचं काम वेगळं असतं. तीन वर्षांत विद्यार्थी कुठून कुठे गेला ते तो पाहतो. सिद्धांत, कायदा, संशोधन पद्धती यांचा पाया तो घालतो. यूजीसीच्या नियमांनुसार त्याने आठवड्याला किमान ४० तास कामासाठी उपलब्ध असायचं असतं. त्यात सहायक प्राध्यापकाचे १६ तास प्रत्यक्ष शिकवण्याचे, बाकी तयारी, तपासणी, संशोधन आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन.

चांगल्या विभागात दोघंही असतात. फक्त व्हिजिटिंग असतील तर किस्से भरपूर मिळतात, पण ते जोडून सांगणारं कोणी नसतं. फक्त पूर्णवेळ असतील तर व्याख्या पाठ होतात, हात चालत नाही.

या शिक्षकांना रस कशात असतो?

जनसंवादाच्या शिक्षकाचे आवडीचे विषय साधारण चार-पाच दिशांनी जातात. कोणी वृत्तपत्रांचा इतिहास पाहतो, कोणी सिनेमा. कोणी जाहिरातींत बाई कशी दाखवली जाते यावर काम करतो, कोणी अफवा मोबाइलवरून कशा पसरतात यावर. कोणाचा विषय माध्यम कायदा असतो. शिक्षकाचा रस कशात आहे हे कळलं की तो वर्गात कोणती उदाहरणं देईल याचाही अंदाज येतो.

आणि उदाहरणांसाठी या पट्ट्याला मुंबईकडे पाहण्याची गरज नाही. तीन पाहू.

*पहिलं, आकड्यांचं.* २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. एनडीआरएफ, नौदल आणि गावकऱ्यांनी प्रवाशांना बाहेर काढलं. त्या दिवशी सकाळपासून गाडीत किती लोक आहेत याचे आकडे फिरत होते. कुठे ७००, कुठे २,०००. शेवटी सुटका झालेल्यांचा आकडा १,०५० सांगितला गेला. वार्तांकन शिकवणाऱ्यासाठी हा तयार धडा आहे. घटना चालू असताना आकडा कोणाकडून घ्यायचा? ‘अडकले’ आणि ‘सुटका झाली’ हे दोन वेगळे आकडे आहेत हे कसं लिहायचं? खात्री नसेल तेव्हा बातमीत काय लिहायचं?

*दुसरं, कायद्याचं.* ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं. २० ऑगस्टला हजारो लोक रुळांवर उतरले आणि लोकल कित्येक तास बंद राहिली. त्या दिवसांत प्रत्येकाच्या फोनवर काही ना काही येत होतं आणि पुढे जात होतं. माध्यम कायद्याचा शिक्षक इथे पोक्सो कायद्याचं कलम २३ काढून वाचायला लावतो. बालकाची ओळख उघड होईल असं काहीही कोणत्याही माध्यमात देता येत नाही. फक्त नाव आणि फोटो नव्हे. पत्ता, कुटुंबाची माहिती, शाळा, राहण्याचा परिसर, हे सगळं त्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. बालकाच्या हितासाठी विशेष न्यायालयाने लेखी परवानगी दिली तरच अपवाद. शिक्षा सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कलमात ‘कोणतंही माध्यम’ असं म्हटलंय, त्यामुळे ‘मी पत्रकार नाही, मी फक्त फॉरवर्ड केलं’ असं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. राग खरा असतो, न्यायाची मागणीही खरी असते. पण त्या मुलीला पुढे त्याच गावात मोठं व्हायचं आहे, हे पोस्ट टाकण्याआधी लक्षात घ्यायला शिकवणं, हेच या शिक्षकाचं काम.

*तिसरं, भाषेचं आणि बाजाराचं.* उल्हासनगरच्या एका वर्गात सिंधी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा सहज ऐकू येतात. सिंधीला १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळालं. ती अरबी वळणाच्या लिपीत लिहितात आणि देवनागरीतही. घरात सिंधी बोलणाऱ्या कित्येक तरुणांना आजोबांची लिपी वाचता येत नाही. मग सिंधी वाचकांसाठी बातमीपत्र काढायचं तर कोणत्या लिपीत? जाहिरातीच्या वर्गात आणखी एक जुना विनोद निघतोच, ‘मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’. विनोदावर हसून पुढे जाता येतं. पण शिक्षक चांगला असेल तर तो विचारतो, निर्वासित म्हणून आलेल्या माणसांनी छोट्या खोल्यांतून बाजारपेठ उभी केली, मग त्यांच्या शहराची ओळख अशा एका विनोदावर का अडकली? शहराची प्रतिमा तयार कोण करतं? जनसंपर्काचा पूर्ण धडा या एका प्रश्नात आहे.

अॅडमिशनआधी हे प्रश्न विचारा

कॉलेजच्या काउंटरवर किंवा समन्वयकांना हे विचारायला काहीच हरकत नाही. तुम्ही फी भरणार आहात.

१. या कोर्सला पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? त्यांचा विषय कोणता?
२. व्हिजिटिंग फॅकल्टी कोण येतात? ते सध्या कुठे काम करतात, की दहा वर्षांपूर्वी करायचे?
३. मागच्या वर्षी सेमिस्टरच्या मध्ये किती विषयांचे शिक्षक बदलले?
४. कॅमेरा, एडिटिंग सॉफ्टवेअर, रेकॉर्डिंगची सोय आहे का, आणि ती विद्यार्थ्यांच्या हातात कधी येते?
५. तिसऱ्या वर्षी पत्रकारिता आणि जाहिरात यांपैकी काय मिळतं? दोन्ही, की विद्यार्थी कमी असले तर एकच?
६. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत पदवीला २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागू झालंय. त्यात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आहे. त्यासाठी विद्यार्थ्यांना कुठे पाठवलं जातं?
७. मराठीत लिहिलं तर तपासायला मराठी येणारे शिक्षक आहेत का?

सातवा प्रश्न छोटा वाटतो, पण तो चुकवू नका. या भागातून येणारे अनेक विद्यार्थी पुढे मराठी चॅनेल, मराठी वेबसाइट किंवा मराठी जाहिरातींत काम करतात. तीन वर्षं फक्त इंग्रजीत असाइनमेंट केली आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी मराठीत बातमी लिहायची वेळ आली, तर अडखळायला होतं.

शक्य असेल तर आताच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटा. ‘कॉलेज कसं आहे’ असं विचारू नका, उत्तर ‘चांगलं आहे’ असंच येतं. ‘मागच्या महिन्यात काय काय करून घेतलं’ असं विचारा.

आणि तुम्हालाच शिक्षक व्हायचं असेल तर?

वाट लांब आहे, पण स्पष्ट आहे. पदवीनंतर पत्रकारिता किंवा जनसंवादात पदव्युत्तर शिक्षण घ्या. मुंबई विद्यापीठाचा संज्ञापन आणि पत्रकारिता विभाग आहे, पुण्यात रानडे आहे. ५५ टक्क्यांची अट विसरू नका, एक टक्का कमी पडला तरी पुढची सगळी दारं अडतात. त्याच काळात नेट आणि सेटची तयारी सुरू करा. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पीएचडी करताना सुरुवातीची दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. मात्र जेआरएफला वयाची अट आहे, खुल्या गटासाठी ३० वर्षं.

पण परीक्षा पास झालात की लगेच वर्गात जाऊ नका. दोन-तीन वर्षं कुठेतरी काम करा. स्थानिक वृत्तपत्र, चॅनेल, एजन्सी, काहीही चालेल. नगरपालिकेच्या सभेत बसा, पोलीस ठाण्यात माहितीसाठी ताटकळा, लिहिलेली बातमी संपादकाने अर्धी कापलेली पाहा. ते अनुभव अर्जातल्या रकान्यात बसणार नाहीत, पण वर्गात रोज उपयोगी पडतील. आणि पहिली काही वर्षं तासावरच शिकवावं लागेल हे धरून चाला. तेवढ्या काळासाठी उत्पन्नाची दुसरी सोय ठेवा. नुसत्या आवडीवर घर चालत नाही.

तुम्ही अजून विद्यार्थी असाल तर लक्षात ठेवा, समोर उभ्या असलेल्या व्हिजिटिंग सरांना किंवा मॅडमना या तासाचे किती मिळतात ते तुम्हाला माहीत नाही. पण त्यांना पुढची लोकल गाठायची आहे, एवढं आता माहीत आहे. त्यामुळे शंका शेवटच्या मिनिटासाठी ठेवू नका. तासाच्या सुरुवातीलाच विचारा.